परबबाईंचं वाळकं पान

आमच्या घरात काळी पडलेली केळी टाकायची नाहीत, असा नियम आहे. नियम माझा, आणि त्रासही माझाच. मे महिना लागला की ओट्याच्या कोपऱ्यात एक झाकणाचा डबा येतो. त्यात ती केळी, आंब्याच्या कोयी आणि फणसाचे उरलेसुरले गरे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून कुजत असतात. नवरा नाक दाबून म्हणतो, "वंदना, यातून आता दारू तरी गाळ, नाहीतर फेकून दे." मी दोन्ही करत नाही. तो वास चार दिवस घरात फिरला की माझे पाय वळवळायला लागतात. सोफ्यावर बसवत नाही, टीव्हीसमोर बसवत नाही, उगाच उठून खिडकीत जाते आणि परत येते. ही सवय माझी नाही. परबबाईंची आहे, मला लागलीय.

परबबाई म्हणजे चारुशीला परब. उपनगरातल्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत त्या सीनियर टेक्निशियन होत्या आणि मी नवीन लागलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना शोधत होते तर कुणीतरी म्हणालं, "शोधू नकोस, उभी राहा. त्या तुझ्यासमोरून जातीलच." आणि खरंच गेल्या. उंच, काटकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, ॲप्रनच्या खिशात किल्ल्या वाजतायत. जाता जाता म्हणाल्या, "नवी ना तू? चल." कुठे, ते नाही सांगितलं. मी मागे पळाले. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या मागे पळतच होते.

ही बाई बसलेली मी पाहिलीच नाही म्हटलं तरी चालेल. चहा उभ्याने. जेवण खिडकीपाशी, डबा हातात धरून. लग्नाला गेल्या तर अक्षता पडायच्या आत नवरीच्या हातात पाकीट कोंबून बाहेर. आमचे मुख्य डॉक्टर साळवी त्यांना म्हणायचे, "परबबाई, तुमच्या पायाला भिंगरी आहे." त्या म्हणायच्या, "भिंगरी परवडली सर, मला तर मुंग्या आहेत." लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "एका जागी बसून दाखवावं लागतं गं त्यात, चहाचा ट्रे घेऊन. जमलं नाही." यावर हसायचं की नाही ते मला आजही कळलेलं नाही.

पण कामात ही बाई म्हणजे दगडावरची रेघ. रक्ताची पिशवी बाहेर जायची तर ती दोघांच्या नजरेखालून जायलाच हवी, हा सगळीकडचाच नियम. परबबाईंचा नियम त्याहून कडक होता. पिशवीवरचा गट आणि नंबर पहिल्याने वाचला की दुसऱ्याने नव्याने वाचायचा, आणि पहिल्याने काय वाचलं ते दुसऱ्याला कळता कामा नये. मला त्या चक्क दाराबाहेर उभं करायच्या. "सांगितलं की माणूस डोळ्याने वाचत नाही, कानाने वाचतो," त्या म्हणायच्या. एकदा मी म्हणाले, "मॅडम, बी पॉझिटिव्ह आहे असं वाटतंय." झालं! पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "वाटतंय? ज्याला चढवायचं त्याला सांग जा, वाटतंय म्हणून. वाटलेलं चालत नाही, वंदना. दिसलं तर दिसलं म्हण, नाहीतर गप्प बस." मी चिडले होते तेव्हा. घरी येऊन आईपुढे खूप बडबडले. आई म्हणाली, "बरोबरच आहे की बाईचं." मग आईवरही चिडले.

आता ही फुलपाखरांची भानगड. बाई राहायच्या मुलुंडला, अगदी टेकडीला खेटून असलेल्या कॉलनीत. मागच्या दाराने निघालं की दहा मिनिटांत झाडी. तिकडे राहायला आल्या त्याच वर्षी, मे महिन्यात, सुकलेल्या ओढ्याकाठी एका उंबरापाशी त्यांना ते दिसलं. बुंध्यावर एक वाळकं पान चिकटलं होतं, देठासकट, मधली शीर, बुरशीचे डाग, सगळं होतं. आणि मग ते पान उघडलं. आतून गर्द निळं, त्यावर तिरका फिकट पांढरा पट्टा. क्षणभर, की मिटलं, आणि परत पान. इंग्रजीत या फुलपाखराला ओकलीफ म्हणतात. जंगलात आत आहे ते, तिथे लोकांना दिसतं. पण आपल्या कॉलनीच्या मागे, या उघड्याबोडक्या टेकडीवर ते राहतं, हे परबबाईंनी पाहिलं होतं आणि एकटीने पाहिलं होतं. म्हणजे त्यांच्याच नियमाने ते दिसलंच नव्हतं.

हे त्यांच्या जिवाला लागलं. दुसरी असती तर फोटो काढून मोकळी झाली असती. फोटोला या बाईंचा विरोध नव्हता, पण मोबाईल काढेपर्यंत त्या उभ्या राहिल्या तर ना! मग दर उन्हाळ्यात कुजक्या फळांचा तो डबा, कारण हे फुलपाखरू फुलावर बसत नाही, त्याला सडलेलं फळ आणि झाडाचा चीक लागतो. आणि डब्याबरोबर एक साक्षीदार. कधी शेजारीण, कधी भाचा, कधी कॉलनीचा वॉचमन. बहुतेक वेळा मी. मी घाटकोपरहून यायचे, झोप मोडून, शिव्या घालत. उंबराच्या बुंध्याला तो लगदा फासायचा आणि वाट बघायची. म्हणजे मी वाट बघायची. बाई पाच मिनिटांनी ओढ्यात उतरायच्या, वर यायच्या, दगड उलटवायच्या, आंब्यावरच्या बांडगुळापाशी जाऊन हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराच्या अळ्या बघून यायच्या. "मॅडम, तुम्ही हलता म्हणून ते येत नाही," मी म्हणायचे. "मी हलते म्हणून मला बाकीचं सगळं दिसतं," असं त्यांचं उत्तर. आणि खरं सांगायचं तर दिसायचंही. लिंबावरचं, रुईवरचं, गवतातलं नखाएवढं जांभळट. मलाही दिसलं असं मी म्हणाले की त्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, "मंजूर!" त्यांच्या त्या "मंजूर"ला मी भलतीच हपापलेली असायचे.

एक अजून होतं. एरवी बाई आमच्यासारखीच मुंबईची मराठी बोलायच्या, पण काही उडालं की तोंडून थेट मालवणी. "अगो बघ! तुका दिसला? माका दिसला!" कुडाळकडचं गाव होतं, तिथे भाऊ होता.

पतंगांचा किस्सा सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येतात ते. बाई म्हणायच्या, रात्री कशाला जागायचं, रात्रभर आलेले सकाळी भिंतीवर बसलेलेच असतात. आणि त्यांच्या कॉलनीजवळ सगळ्यात चांगली भिंत कुठली? तर पालिकेच्या पुरुषांच्या शौचालयाची. पांढरी रंगवलेली, रात्रभर ट्यूब जळते. सकाळी उजाडताच परबबाई त्या भिंतीला नाक लावून उभ्या. पहिल्यांदा मला नेलं तेव्हा मी लाजेने रस्त्याच्या पलीकडे थांबले. आतून एक गृहस्थ टमरेल घेऊन बाहेर आले, बाईंना बघून दचकले.

"ओ मावशी, काय बघताय?"

"भिंत बघतेय. तुम्हाला नाही बघत. बाजूला व्हा, उजेड अडतोय."

गृहस्थ बाजूला झाले. बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी लांब. मग त्या त्यांनाच म्हणाल्या, "अहो, जरा या इकडे. या कोपऱ्यात काय दिसतंय?"

ते बिचारे वाकले. "पाल?"

"नीट बघा."

"अरेच्चा! हिरवं आहे. पाखरू. शेपट्या आहेत त्याला."

"किती?"

"दोन. लांब."

"मंजूर!" म्हणत बाई पुढच्या कोपऱ्याकडे. मी रस्ता ओलांडेपर्यंत तो माणूस टमरेल खाली ठेवून आपल्या ओळखीच्यांना हाका मारत होता, "अरे इकडे या रे, काय झकास आहे बघा!" दोन लांब शेपट्यांचा तो फिकट हिरवा पतंग मी सगळ्यात शेवटी पाहिला, रांगेत उभी राहून.

आणि आता फजितीचा किस्सा. एका वर्षी बाईंनी ठरवलं की एका साक्षीदाराने भागत नाही, फौज न्यायची. डॉक्टर साळवी, ऑफिसातल्या दोघी, मी. रविवार सकाळ, वर ऊन नुसतं भाजतंय, आणि उंबराखाली फणसाचा वास असा की साळवींनी रुमाल नाकाला बांधला. वाटभर बाईंचं चालू, "वाळकं पान दिसेल, देठ असेल, मधे शीर असेल, श्वास रोखून बघायचं." आणि पोहोचतो तर काय, बुंध्यावर लगद्याशेजारी वाळकं पान! देठ आहे, शीर आहे, डागसुद्धा. बाईंनी हात वर केला. आम्ही जागच्या जागी पुतळे. कानाशी चिलटं गुणगुणतायत, घाम डोळ्यांत उतरतोय, कुणी पापणी लववेना. आणि काय आश्चर्य, परबबाईसुद्धा हलल्या नाहीत. "दिसला?" त्या कुजबुजल्या. मी म्हणाले, दिसलं. दोघीही म्हणाल्या, दिसलं. साळवी तर म्हणाले, "पंख हलतायत थोडे." कितीतरी वेळ आम्ही तसेच. शेवटी साळवींना शिंक आली. ती दाबली ती जास्तच मोठी झाली, आणि ते पान निसटलं, गोल गोल फिरत येऊन माझ्या चपलेवर पडलं. पान. नुसतं पान.

आम्ही पोट धरून हसलो. साळवी म्हणाले, "बाई, वाट लागली हो आपली!" बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते पान उचललं, उलटसुलट केलं आणि लाल होऊन म्हणाल्या, "पाच जण! पाचही जणांना दिसलं! का माहितीय? मी वाटभर सांगत आले म्हणून. पेढीत मी तुला दाराबाहेर उभी करते आणि इथे माझ्या जिभेला हाड नाही." मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी, खूप वाईट वाटलं. त्या दिवसापासून टेकडीवरही तोच नियम आला. ज्याला साक्षीला आणायचं त्याला काय दिसणार ते सांगायचं नाही.

मग डोळ्यांचं आलं. आलं म्हणजे माझ्यासमोरच आलं. दुपारची वेळ, पिशवी बाहेर जायची होती. बाईंनी नंबर वाचला, लिहिला, मला आत बोलावलं. मी वाचला, लिहिला. जुळेना. एक आकडा वेगळा. मी परत वाचला. त्यांनी पिशवी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मान वाकडी केली. आणि मग माझ्या नंबरवर बोट ठेवून शांतपणे म्हणाल्या, "तुझं बरोबर असणार. मला मधला आकडा दिसत नाहीय. कडेचे दिसतात." ॲप्रन काढला. मी म्हणत होते, "मॅडम, थांबा हो, चष्म्याचा नंबर वाढला असेल." त्या म्हणाल्या, "असेल? वाटलेलं चालत नाही," आणि तशाच साळवींच्या केबिनमध्ये गेल्या, स्वतःची तक्रार स्वतः करायला. त्या दिवसानंतर त्यांनी पिशवीला हात लावला नाही. वर्षभर नोकरी उरली होती, ती रक्तदात्यांना बिस्किटं देण्यात आणि त्यांच्या खुर्च्यांभोवती फिरण्यात काढली.

डोळ्याच्या पडद्याचं दुखणं होतं. इंजेक्शनं झाली, पण जे गेलं ते येणार नव्हतं आणि उरलेलं हळूहळू जाणार होतं. मला फोनवर म्हणाल्या, "गंमत बघ. जे बघायला जाते तेच नाहीसं होतं. आजूबाजूचा सगळा कचरा व्यवस्थित दिसतो." हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "वंदना, ते वाळकं पान मला एकदा बघायचंय गं. दुसऱ्या कुणाबरोबर तरी. डोळे पार मिटायच्या आत." त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं हे पहिलंच. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. कशासाठी, फुलपाखरासाठी! कुणाला सांगायची सोय नाही.

पुढचे दोन उन्हाळे मी एकही रविवार सोडला नाही. बाईंनी आता हातात छत्री धरली होती, दांड्याने पुढची वाट चाचपायला, पण वेग तोच. हात दिला तर झटकायच्या. ठेचकाळल्या तर दगडाला शिवी. ते फुलपाखरू आलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस कुडाळहून भाऊ येऊन गेला, बाईंनी त्याच्याकडे राहायचं आणि इथली खोली भाड्याने द्यायची असं ठरलं, सामान बांधून झालं. शेवटच्या रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या घरात बसायला खुर्चीसुद्धा उरली नव्हती. "बरंच झालं," त्या म्हणाल्या, "चल."

उंबराला मी लगदा फासला. बाई ओढ्याच्या काठाने येरझाऱ्या घालत होत्या. ऊन चढलं. मी नुसतं समोर बघत होते, आणि बघताबघता बुंध्यावरचं एक वाळकं पान किंचित पुढे सरकलं. पान सरकत नसतं. आणि ते उघडलं. देवाशपथ सांगते, इतका निळा रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता. मिटलं.

"मॅडम," मी म्हणाले. पुढे काही बोलले नाही. नियम.

त्यांना माझ्या आवाजावरूनच कळलं. जवळ आल्या, माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. त्या फजितीनंतर पहिल्यांदाच इतक्या स्तब्ध. समोर बघितलं. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. नजरेच्या कडेने पकडायला बघत होत्या. ते पुन्हा उघडलं, मिटलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एकदा फक्त म्हणा हो, दिसलं म्हणा. मी कुणाला सांगणार होते?

"माका नाय दिसला," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आत्ता उघडलं होतं..."

"काय तरी हललं असं वाटलं. वाटलेलं चालत नाही." आणि माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाल्या, "रडतेस काय, मूर्ख! तुला दिसलंय ना? मग दुसरा कोण आहे बघ. पळ!"

मी पळायच्या आधी त्याच निघाल्या. पायवाटेवरून एक गृहस्थ येत होते, ट्रॅकपँट, कानाला मोबाईल, पार्किंगवरून कुणाशी तरी तावातावाने भांडत. बाईंनी त्यांचं मनगटच धरलं. "फोन ठेवा."

"अहो, कोण तुम्ही?"

"ठेवा आधी. पाय न वाजवता या. त्या झाडावर काय दिसतंय तेवढं सांगा."

गृहस्थ का आले देव जाणे. परबबाईंच्या आवाजाला लोक येतच. उंबरासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय दिसायचंय? झाड आहे. काहीतरी घाण फासलीय."

"अजून?"

"वाळकं पान आहे एक."

मी ओठ चावून गप्प. बाईंनी त्यांचं मनगट सोडलं नव्हतं. "बघत राहा," एवढंच म्हणाल्या. तो माणूस वैतागून माझ्याकडे बघायला लागला, मी मान फिरवली. आणि मग तो ओरडला.

"अरे! अरे, हे काय! निळं! आत निळं आहे!"

"आणखी?" बाई जवळजवळ किंचाळल्या. "आणखी काय दिसतंय?"

"पट्टा आहे. पांढरट. असा तिरका... गेलं, उडालं! त्या झाडीत गेलं. काय होतं हो ते?"

बाईंनी माझ्याकडे तोंड केलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या कानाच्या थोडं बाजूला. "तुझं काय होतं?"

"निळं. तिरका पांढरा पट्टा."

"मंजूर!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की वरच्या फांदीवरचा कावळा उडाला.

मी डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, म्हणजे तुमचं त्या पहिल्या वर्षीचंही खरंच की. तेही मंजूर करायला हवं."

"नाय गो," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी एकटीच." आणि छत्री उचलून चालायला लागल्या.

मी डबा, बाटली, पिशवी गोळा करेपर्यंत त्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. तो ट्रॅकपँटवाला त्यांच्याबरोबर उतरत होता. त्याचा मोबाईल वाजत होता आणि तो उचलत नव्हता. माझा हात झटकणाऱ्या बाईंनी त्याचा दंड धरला होता. वळणावर त्या दिसेनाशा झाल्या, आवाज मात्र येत होता.

"परत सांगा. सुरुवातीपासून."

"सांगितलं ना मावशी दोनदा."

"सांगा हो. पान होतं. आणि मग?"